जपानमध्ये भाड्याचं घर लावताना: करारापासून पहिल्या भूकंपापर्यंत

कंपनीने दिलेल्या फर्निश्ड खोलीतला पहिला महिना संपत आला की टोकियोत नोकरीला आलेल्या माणसापुढे स्वतःच्या नावावर घर घेऊन ते राहण्याजोगं करायचं काम उभं राहतं. पुण्या-मुंबईत भाड्याच्या घरात निदान ट्यूबलाइट आणि पंखे लावलेले मिळतात. इथे बहुतेक घरांत एसी आणि गरम पाण्याची सोय असते, पण छतावर दिवा नसतो, खिडक्यांना पडदे नसतात, ओट्यावर शेगडी नसते, आणि वीज, पाणी, गॅस यांचं खातं ज्याचं त्याने उघडायचं असतं. यातलं एकही काम कठीण नाही. कठीण आहे तो क्रम, कारण एक काम दुसऱ्यावर अडलेलं असतं आणि दुसरं तिसऱ्यावर. मी ज्या क्रमाने घर लावलं आणि आता नव्याने येणाऱ्यांना जो सांगतो, तोच इथे लिहितोय. माहिती टोकियो आणि आसपासच्या भागाची आहे.

आधी पैशाचं बोलू. महिना ८०,००० येन भाड्याचं ‘वन-के’ घर धरू, म्हणजे एक खोली आणि वेगळं छोटं स्वयंपाकघर. सहीच्या वेळी द्यायची रक्कम साधारण अशी होते: शिकीकिन, म्हणजे अनामत, एक महिना ८०,०००, रेइकिन, म्हणजे मालकाला द्यायची आणि कधीच परत न मिळणारी रक्कम, आणखी ८०,०००, एजंटची फी एक महिना आणि त्यावर १० टक्के कर, ८८,०००, हमी देणाऱ्या कंपनीची फी, भाड्याच्या निम्मी धरली तर ४०,०००, पुढच्या महिन्याचं आगाऊ भाडं ८०,०००, दोन वर्षांचा आगीचा विमा १८,००० च्या आसपास, कुलूप बदलण्याचे २०,००० च्या आसपास. बेरीज चार लाख येनच्या वर जाते, म्हणजे पाच महिन्यांचं भाडं. महिन्याच्या मध्ये राहायला गेलात तर उरलेल्या दिवसांचं भाडं वेगळं.

यात घासाघीस कुठे चालते हे माहीत हवं. एजंटच्या फीची कायद्यातली मर्यादा मालक आणि भाडेकरू दोघांकडून मिळून एक महिना अधिक कर एवढी आहे. राहत्या घरासाठी मूळ नियम अर्धा-अर्धा असा आहे, आणि भाडेकरूने संमती दिली तरच त्याच्याकडून पूर्ण महिना घेता येतो. ही संमती अर्जाच्या कागदांतच घेतलेली असते, म्हणून अर्ज भरण्याआधीच विचारा. अंदाजपत्रकात ‘निर्जंतुकीकरण’ आणि ‘२४ तास मदत सेवा’ अशा दोन ओळी दिसल्या, तर त्या ऐच्छिक आहेत का ते विचारायचंच. दोन्ही मिळून ३०,००० येनपर्यंत जातात आणि बरेचदा नुसतं विचारल्यावर निघतात. रेइकिन, एजंट आणि हमीदार हे तिन्ही नको असतील तर यूआर या सरकारी गृहसंस्थेची घरं बघा. तिथे अनामत दोन महिन्यांची असते, पण रेइकिन नाही, एजंटची फी नाही, हमीदार नाही आणि दर दोन वर्षांनी एक महिन्याचं नूतनीकरण शुल्कही नाही. इमारती जुन्या असतात, पण बांधकाम दणकट असतं.

हमी कंपनीची तपासणी काही दिवसांपासून आठवडाभर चालते. रेसिडेन्स कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), नोकरीचं प्रमाणपत्र, पगाराचा कागद आणि जपानमधला एक संपर्क लागतो. कंपनीत फोन करून खातरजमा करतात, तेव्हा एचआरला आधीच सांगून ठेवा. फोन उचलणाऱ्याला माहीत नसल्यामुळे तपासणी रखडते. ‘परदेशी नको’ हे उत्तरही येतं, कधी स्पष्ट, कधी आडून. वाईट वाटतं, ते साहजिक आहे. पण त्या घरापाशी थांबू नका. परदेशी भाडेकरू चालतात अशीच घरं दाखवा, असं एजंटला पहिल्याच भेटीत सांगितलं की निम्मा वेळ वाचतो.

सहीच्या आधी परवानाधारक माणूस आपलं ओळखपत्र दाखवून करारातल्या महत्त्वाच्या बाबी वाचून दाखवतो. त्या तासाभरात पाच गोष्टींवर कान ठेवा. इमारतीला बांधकामाची परवानगी १ जून १९८१ च्या आधी मिळाली की नंतर, कारण भूकंपाचे नवे निकष त्या दिवसापासून लागू झाले. घर पुराच्या नकाशात कुठे येतं. ऑगस्ट २०२० पासून हे सांगणं बंधनकारक आहे. निशी-कासाई या भारतीयांच्या वस्तीमुळे आपली बरीच माणसं एदोगावा वॉर्डात राहतात, आणि त्या वॉर्डाच्या जमिनीचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ साली वॉर्डाने घरोघरी दिलेल्या पुराच्या नकाशावर ‘इथे थांबून चालणार नाही’ असं स्वच्छ छापलं होतं. मी तिथे कुणालाही तळमजला सुचवत नाही. तिसरी बाब घर सोडण्याची सूचना किती आधी द्यायची. बहुतेक ठिकाणी एक महिना, काही ठिकाणी दोन. चौथी, वर्षाच्या आत सोडलं तर दंड आहे का. पाचवी सहज निसटते: एसी हा मालकाने दिलेला आहे की आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेला. मागे ठेवलेला असेल तर बिघडल्यावर दुरुस्ती मालकाकडे नाही, तुमच्याकडे.

सही आणि किल्ली यांच्यामधल्या दिवसांत तीन नोंदी करून टाकायच्या: वीज, पाणी आणि गॅस. वीज आणि पाणी ऑनलाइन होतात. पत्ता, खोली क्रमांक आणि सुरू करायची तारीख द्यायची. स्मार्ट मीटर असल्यामुळे विजेसाठी कुणी येत नाही, दारामागे किंवा न्हाणीघराच्या वरच्या पेटीतले खटके वर केले की झालं. पाण्याची चावी दाराबाहेरच्या मीटरच्या कप्प्यात असते. गॅसचं तसं नाही. गॅस सुरू करायला माणूस घरी यावाच लागतो आणि तुम्ही हजर असावं लागतं. तो गळती तपासतो, गीझर पेटवून बघतो, अलार्म समजावून सांगतो. वेळ दोन-तीन तासांच्या टप्प्यात मिळते. मार्च-एप्रिलमध्ये अख्खा जपान घरं बदलत असतो, तेव्हा दोन आठवडे आधी नोंद केली नाही तर गॅसविना, म्हणजे गरम पाण्याविना, थंडीत दिवस काढावे लागतात. ओट्यावर विजेची शेगडी असली तरी आंघोळीचं पाणी गॅसवर तापत असू शकतं, हे विसरू नका.

वीज, पाणी, गॅसचं खातं उघडायला बँकेची गरज नाही. सुरुवातीला बारकोड छापलेली बिलं टपालाने येतात आणि कुठल्याही कन्व्हीनियन्स स्टोअरच्या काउंटरवर रोखीने भरता येतात.

किल्लीच्या दिवशी सामान आत नेण्याआधी रिकामं घर कॅमेऱ्यात घ्यायचं. सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त पैसे वाचवणारा तास हाच. प्रत्येक खोलीचे चार कोपरे, मग जवळून: जमिनीवरचे ओरखडे, वॉलपेपरची उचकटलेली कड, खिडकीच्या रबरावरची काळी बुरशी, सिंकखालच्या कपाटाचा तळ, कमोडच्या मागची भिंत, दाराच्या चौकटी. ओरखड्याशेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवली की आकार कळतो. एसी थंड आणि गरम दोन्हींवर दहा-दहा मिनिटं चालवा, सगळे नळ सोडा, फ्लश ओढा, खिडक्यांचे खटके लावून बघा. घर बरेच दिवस रिकामं असेल तर मोऱ्यांतून वास येतो, कारण पाइपातल्या वळणात साठलेलं पाणी सुकलेलं असतं; मिनिटभर पाणी सोडलं की वास थांबतो. त्यानंतरही आला तर ती तक्रार.

घराच्या स्थितीचा एक छापील तक्ता एजंटकडून मिळतो. तो एक-दोन आठवड्यांत भरून द्यायचा असतो. फोटो मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही, ते एजंटला मेलही करा, म्हणजे तारीख दोन्हीकडे राहते. यामागे कायद्याचा आधार आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सुधारित नागरी संहितेत नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूने भरून द्यायची नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. बांधकाम मंत्रालयाची मार्गदर्शिका त्याहून तपशिलात जाते. कॅलेंडर लावायला टोचलेल्या पिनांची भोकं, फ्रिजमागे भिंतीवर पडलेला काळा डाग, उन्हाने उडालेला रंग हे नेहमीच्या वापरात मोडतं. स्क्रूची भोकं, पुसलं नाही म्हणून पसरलेली बुरशी, ओट्यामागे साठलेलं तेल हे भाडेकरूच्या अंगावर. वॉलपेपरची किंमत सहा वर्षांत जवळपास शून्य धरली जाते, त्यामुळे चार वर्षं राहून निघताना अख्ख्या खोलीच्या नव्या वॉलपेपरचं पूर्ण बिल कुणी लावलं, तर ते मान्य करू नका. हळदीचा डाग मात्र नेहमीच्या वापरात बसवणं अवघड जातं, त्याचं पुढे सांगतो.

विजेत तीन गोष्टी आपल्याला नवीन असतात. दाब १०० व्होल्ट आहे. पूर्व जपानात ५० हर्ट्झ आणि पश्चिमेत ६०, सीमा साधारण शिझुओकातल्या फुजी नदीपाशी. आणि टोकियो भागात घरागणिक अँपिअरचा करार असतो. वन-केला साधारण २० किंवा ३० अँपिअर मिळतो. ३० अँपिअर म्हणजे एका वेळी ३,००० वॅट. मायक्रोवेव्ह १,३००, किटली १,२००, हेअर ड्रायर १,२००. तिन्ही एकदम लावली की अंधार. नव्या मीटरमध्ये वीज थोड्या वेळात आपोआप परत येते, जुन्या पेटीत खटका वर करावा लागतो. पेटीतला मधला, वीजगळती झाली की पडणारा खटका पडला असेल तर कारण वेगळं: छोटे खटके सगळे खाली करा, गळतीचा वर करा, मग छोटे एकेक चढवा. ज्यावर पुन्हा पडतो त्या ओळीतलं एखादं उपकरण किंवा वायरिंग सदोष आहे. एका सॉकेटची मर्यादा १,५०० वॅट, त्यामुळे एका पट्टीवर किटली आणि राइस कुकर दोन्ही लावू नका. वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्हची हिरवी वायर सॉकेटखालच्या झाकणातल्या स्क्रूला जोडायची असते. ती लोंबकळत ठेवलेली कितीतरी घरं दिसतात.

मिक्सर आणायचा की नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर इथे थेट लावला तर पातं जेमतेम फिरतं आणि मोटर तापते. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण मोटर सुरू होताना झटका मोठा घेते, म्हणून ७५० वॅटच्या मिक्सरला निदान दुप्पट क्षमतेचा लागतो, आणि तो जड असतो. त्यापेक्षा निर्यातीसाठी बनवलेला ११० व्होल्टचा मिक्सर भारतातूनच आणा. टोकियोत थोडा हळू चालतो, पण ओलं खोबरं आणि इडलीचं पीठ नीट वाटतो. खाली जाड रबरी चटई घाला आणि सकाळी आठच्या आधी, रात्री नऊनंतर लावू नका. लाकडी इमारतीत त्याचा आवाज खालच्या घरात स्पष्ट पोचतो.

आता शेगडी. आपल्या स्वयंपाकाला सर्वांत जास्त अडचण इथे येते, म्हणून जरा सविस्तर. पहिला प्रश्न गॅस कोणता: शहरी पाइपचा की सिलिंडरचा प्रोपेन. करारात लिहिलेलं असतं. प्रोपेनमध्ये उष्णता दुपटीहून जास्त असते, म्हणून दोन्हींच्या शेगड्यांचे नोझल वेगळे. शहरी गॅसची शेगडी प्रोपेनला जोडली तर ज्योत भडकते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जुनी शेगडी कुणाकडून घेताना बाजूचा स्टिकर वाचा: शहरी गॅससाठी ‘१३-ए’ आणि प्रोपेनसाठी ‘एलपी’ लिहिलेलं असतं. खर्चात प्रोपेन महाग पडतो, हे घर निवडतानाच धरा.

मग माप. ओट्यावर ठेवायची शेगडी ६० किंवा ५६ सेंटीमीटर रुंदीत मिळते. दोन बर्नरपैकी एक मोठ्या ज्योतीचा असतो. तो भिंतीपासून लांबच्या बाजूला यायला हवा, म्हणून डावा की उजवा हे ओटा बघून ठरवा. बाजूच्या भिंतीपासून १५ सेंटीमीटर अंतर सोडा, नाहीतर उष्णतारोधक पत्रा लावा. नळी घ्यायच्या आधी गॅसच्या तोटीचा फोटो काढून दुकानात दाखवा. साध्या तोटीला ९.५ मिलिमीटरची रबरी नळी लागते, ती लाल खुणेपर्यंत ढकलून वर क्लिप लावायची. झटक्यात बसणाऱ्या तोटीची नळी वेगळी असते.

शेगडीच्या मधोमध स्प्रिंगवरचं एक छोटं बटण दिसतं. तो तापमानाचा सेन्सर. ऑक्टोबर २००८ पासून घरगुती गॅस शेगडीच्या प्रत्येक बर्नरला तो असतोच. भांड्याचा तळ साधारण २५० अंशांवर गेला की तो ज्योत बारीक करतो, नंतर विझवतो. फोडणी आणि तळण त्याच्या आत बसतं. भाकरीचा तवा मात्र तापतो आणि ऐन भाकरी टाकताना ज्योत मान टाकते. उपाय पॅनेलवरच आहे: सेन्सर शिथिल करण्याचं बटण तीन सेकंद दाबून धरलं की मर्यादा थोडी वर जाते. तव्याचा आणि कढईचा तळ सपाट हवा. गोल तळाची कढई सेन्सरवर नीट टेकत नाही आणि ज्योत मध्येच विझते. फुलका थेट ज्योतीवर फुगवणं या शेगडीवर जमत नाही, कारण ज्योत सेन्सरलाच तापवते. त्यासाठी छोट्या डब्यावर चालणारी पोर्टेबल शेगडी आणि वर जाळी ठेवा. त्या शेगडीला सेन्सरचा नियम लागू नाही. खिडकी उघडी असावी आणि डबा झाकेल एवढं मोठं भांडं वर नसावं, कारण डबा तापून फुटतो.

भरताच्या वांग्याला याहून चांगली जागा शेगडीतच आहे. मध्ये मासे भाजायचा ग्रिलचा कप्पा असतो. वांग्याला टोचे मारा, तेलाचं बोट फिरवा आणि मोठ्या ज्योतीवर मधूनमधून फिरवत भाजा. इथली वांगी बारीक असतात, पंधरा मिनिटांत साल काळी होऊन सुटते. जपानी लोक आपली भाजलेली वांगी तिथेच करतात. पापडही भाजतो, पण समोरून हलू नका. आपला ग्रिल ताटलीत पाणी घालायचा आहे की बिनपाण्याचा, हे आधी पुस्तिकेत बघा. पाण्याच्या प्रकारात पाणी विसरलं तर ठिबकलेलं तेल पेट घेतं.

ओट्यावर विजेची इंडक्शन शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर आणि हिंडालियमची कढई निकामी ठरतात. तळाला लोहचुंबक चिकटतो का, ते भारतातून निघण्याआधीच बघून भांडी भरा.

हळद आणि तेल भिंतीत मुरण्याआधी पारदर्शक पत्रे चिकटवा. १०० येनच्या दुकानात मिळतात आणि काढताना वॉलपेपर उचकटत नाहीत. चिमणीला कागदी गाळणी लावून दर महिन्याला बदला. मिरचीची फोडणी द्यायच्या आधी चिमणी चालू करा, मागाहून नको. खोलीतला धुराचा अलार्म फोडणीच्या ठसक्यालाही बोंबलतो. तो २००६ पासून नव्या घरांना सक्तीचा आहे, त्यामुळे दोरी ओढून आवाज थांबवा, पण बॅटरी काढून ठेवू नका.

कागदपत्रांचं आता पटकन. वॉर्ड बदलला असेल तर जुन्या वॉर्डात स्थलांतराची नोंद आधी करायची. माय नंबर कार्ड, म्हणजे आपल्या आधारसारखं ओळखपत्र, असेल तर ती घरबसल्या होते. नव्या घरात आल्यापासून १४ दिवसांत नव्या वॉर्ड कार्यालयात जायचं. एकाच वॉर्डात बदललं असेल तर एकच फेरी. रेसिडेन्स कार्ड, माय नंबर कार्ड आणि त्याचा चार अंकी पिन बरोबर हवा. कुटुंब असेल तर सगळ्यांची कार्डं. कार्डाच्या मागे नवा पत्ता छापून मिळतो. तिथेच रहिवासाच्या दाखल्याच्या एक-दोन प्रती घ्या. नोंद १४ दिवसांत झाली नाही तर दंड होऊ शकतो, आणि ९० दिवस उलटले तर व्हिसाच धोक्यात येतो. पत्ता बदललेलं कार्ड हातात आलं की आधी फोन, मग बँक, मग कंपनी, मग बाकी सगळं. उलट जाऊन उपयोग नाही, कारण बँक फोन नंबर मागते आणि फोन कंपनी नव्या पत्त्याचं कार्ड. पोस्टात पत्ता वळवण्याचा अर्ज दिला की जुन्या पत्त्यावरची पत्रं वर्षभर नव्या घरी येतात.

इंटरनेटची मागणी किल्लीच्या आधीच द्या. फायबरची तार घरात घ्यायला दोन ते चार आठवडे लागतात, वसंत ऋतूत त्याहून जास्त. इमारतीत फुकट इंटरनेट असेल तर भिंतीतल्या सॉकेटला फक्त राउटर जोडायचा.

पडदे घ्यायच्या आधी मोजमाप हवं, आणि ते खिडकीचं नव्हे, रेलचं. रेलच्या दोन टोकांच्या पक्क्या कड्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात पाच टक्के मिळवा. १८० सेंटीमीटरचे १८९ होतात, म्हणजे १०० रुंदीचे दोन पडदे पुरतात. लांबी सरकत्या कडीच्या भोकाच्या तळापासून जमिनीपर्यंत मोजून एक सेंटीमीटर कमी धरा. आतला जाळीचा पडदा आणखी एक सेंटीमीटर आखूड. कमरेएवढ्या खिडकीला चौकटीखाली १५ ते २० सेंटीमीटर सोडा. तयार पडदे १३५, १७८ आणि २०० लांबीत मिळतात, त्यामुळे माप बरोबर असेल तर शिवून घ्यावे लागत नाहीत. दिव्यासाठी छतावर गोल सॉकेट असतं. एलईडी दिव्याचा जोड त्यात दाबून उजवीकडे फिरवायचा, मग दिवा वर ढकलून खट् आवाज येईपर्यंत बसवायचा. स्टूल मात्र आधी आणा.

वॉशिंग मशीनच्या खालचा प्लास्टिकचा ताट बहुधा ६४ बाय ६४ सेंटीमीटरचा असतो. मशीनचे पाय त्यात मावतात का आणि झाकण उघडल्यावर नळाला अडकतं का, दोन्ही मोजा. नळ आपोआप बंद होणारा नसेल तर प्रत्येक धुण्यानंतर बंद करा. सतत दाबाखाली राहिलेली नळी एक दिवस निसटते आणि पाणी खालच्या घरात उतरतं. तुमच्या आगीच्या विम्यात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई आहे का, ते याचसाठी बघून ठेवा.

कचरा हा शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा पाया आहे. टोकियोच्या २३ वॉर्डांत जळणारा कचरा बहुधा आठवड्यातून दोनदा, सकाळी आठपर्यंत, पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक पिशवीत. ओलं खरकटं पिळून काढा आणि पिशवी कावळ्यांच्या जाळीखाली सरकवा. पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढायचं, बाटली धुऊन चेपायची. घर लावताना जमलेली खोकी उघडून, सुतळीने बांधून पुनर्वापराच्या दिवशी. तळणीचं तेल मोरीत कधीच नाही. पावडर टाकून घट्ट करा किंवा वर्तमानपत्रात जिरवा. लिथियम बॅटऱ्या आणि गॅसचे डबे वेगळे, कारण कचऱ्याच्या गाडीत चेंगरून पेट घेतात. एक बाजू ३० सेंटीमीटरहून मोठी असलेली वस्तू म्हणजे मोठा कचरा: आधी नोंद, मग स्टोअरमधून शुल्काचे स्टिकर, मग ठरलेल्या दिवशी बाहेर. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यातही घेत नाहीत, त्यांचा पुनर्वापर खर्च वेगळा भरावा लागतो. म्हणून कुणी जुना फ्रिज फुकट देतो म्हटलं, तर टाकताना लागणारे पैसे मनात धरून हो म्हणा.

जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंतचा पावसाळा आणि हिवाळ्यात खिडक्यांवर साठणारं दव, हे बुरशीचे दोन मोसम. जुलै २००३ नंतरच्या घरांत २४ तास हवा खेळवणारा पंखा सक्तीचा आहे. त्याचा खटका न्हाणीघराजवळ असतो. आवाज होतो म्हणून तो बंद करणारे आणि नंतर भिंतीच्या बुरशीचे पैसे भरणारे पुष्कळ आहेत. कपाटांची दारं दिवसा उघडी ठेवा, पलंग भिंतीपासून चार बोटं दूर, खिडकीचं ॲल्युमिनियम सकाळी पुसा. बेसन, रवा आणि पोहे फ्रिजमध्ये.

शेवटी भूकंप. भाड्याच्या घरात स्क्रू मारता येत नाहीत, म्हणून उंच कपाट आणि छत यांच्यामध्ये दोन आधारदांडे लावा, भिंतीकडच्या बाजूला. पुढच्या कडेला लावले तर धरत नाहीत. टीव्हीखाली जेलचे चौकोन. पलंगाजवळ काही जड ठेवू नका. पाणी माणशी रोज तीन लिटर, निदान तीन दिवसांचं. जपानच्या मापनात (हे रिश्टर नव्हे, त्या जागी किती हादरलं याचं माप) तीव्रता ५ च्या आसपास गेली की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो, आणि शेगडी पेटत नाही म्हणून लोक थेट कंपनीला फोन लावतात. आधी वास येतोय का बघा. वास असेल तर खिडक्या उघडा, कुठलाही स्विच दाबू नका आणि बाहेर जाऊन फोन करा. वास नसेल तर घरातली सगळी गॅसची उपकरणं बंद करा, दाराबाहेरच्या मीटरचं रीसेट बटण पूर्ण दाबून सोडा आणि लाल दिवा लुकलुकत असेपर्यंत, म्हणजे तीन मिनिटं, काहीही पेटवू नका. त्या वेळात मीटर गळती तपासत असतो. दिवा थांबला की गॅस सुरू.